दो-कम दरोगा

भास्करराव धामणकरांना काठोकाठ भरलेलं भांडं बघवत नसे. आमच्या मुलीच्या बारशाला ते जेवायला आले. बायकोने मोठ्या आदराने पाण्याचं फुलपात्र भरून पाटाशी ठेवलं. हे बसता बसता उठले, खिडकीतल्या तुळशीच्या कुंडीत दोन घोट ओतून आले आणि मग निवांत मांडी घातली. बायको माझ्याकडे बघायला लागली. मी डोळ्यांनीच म्हटलं, राहू दे, तुळस तरी खूश आहे.

पुरणपोळीच्या वेळीही तेच. अजून दोन सहज जातील असं वाटलं की त्यांचा हात पानावर आडवा. आग्रह केला तर म्हणायचे, "मावतं म्हणून भरायचं नसतं, अरविंद." आणि वाढणारा हिंदीवाला असला तर, "दो कम रखिए, आराम में रहिए."

त्यांच्या उशीत कापूस दोन मुठी कमी. प्रवासाला निघाले की ट्रंकेतून दोन कपडे बाहेर. काशीत राहून पानाने गाल न फुगवणारा माणूस मी एकच पाहिला. पानवाल्याकडून विडा घ्यायचे आणि अर्धा तोडून त्यालाच परत द्यायचे. पानवाला पहिल्यांदा रागावला, मग त्याला सवय झाली.

गल्लीतल्या पोरांनी त्यांचं नाव 'दो-कम दरोगा' ठेवलं होतं. ते त्यांच्या कानावर गेल्यावर मला वाटलं, आता एकेकाचा कान धरतील. तर म्हणाले, "दो-नंबरी दरोगा म्हणत नाहीत ना? मग झालं."

त्यांची बायको, कुसुमवहिनी, माझ्या बायकोला एकदा म्हणाल्या, "सप्तपदीत ह्यांनी सात पावलं टाकली की पाच, मला अजून शंका आहे. धुरात नीट दिसलं नाही."

ह्या खोडीचं मूळ त्यांच्या नोकरीत होतं. आमच्या ह्या भागात पोलीस सब-इन्स्पेक्टरला 'दरोगाजी' म्हणतात आणि जिल्ह्याच्या पोलीसप्रमुखाला 'कप्तानसाहेब'. भास्करराव दरोगाजी होते, पण चोर पकडणारे नव्हेत. पोलीस लाइनीत हत्यारं ठेवायची जी कोठी असते तिला 'कोत' म्हणतात. त्या कोतीचे ते मुख्य. मी त्याच लाइनीच्या कार्यालयात बाबू, म्हणजे टंकलेखन आणि फायली. दोघंही दुर्गाघाटाकडचे, त्यामुळे सकाळी गल्लीतून बाहेर पडून सायकली काढायच्या आणि बरोबर जायचं, हा आमचा वर्षानुवर्षांचा क्रम.

तर रायफलीच्या पोटाखाली एक लोखंडी डबी बसवतात, तिला मॅगझिन म्हणतात. तिच्यात तळाशी स्प्रिंग असते आणि स्प्रिंगवर गोळ्या एकावर एक दाबून भरतात. एक गोळी सुटली की स्प्रिंग दुसरी वर ढकलते. डबी गच्च भरून महिनोन्‌महिने ठेवली की स्प्रिंग थकते आणि ऐन वेळी गोळी वर येत नाही. म्हणून जुने जाणते दोन गोळ्या कमी भरतात. एवढीच गोष्ट. पण भास्कररावांनी ती सगळ्या सृष्टीला लागू केली. "स्प्रिंगलासुद्धा जीव असतो रे," ते म्हणायचे. "तू तर माणूस आहेस. तिसरी कचौडी कशाला घेतोस?"

आमच्या ब्रह्माघाट-दुर्गाघाटाकडच्या मराठी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या पूजापाठ, पठण आणि शिकवणं चालत आलेलं. पुढे कुणी बँकेत गेला, कुणी रेल्वेत. पोलिसात गेले ते एकटे भास्करराव. उंची होती, छाती होती, आणि सामवेद पाठ होत नव्हता. शिपाई म्हणून लागले आणि चढत चढत दरोगा झाले. भरती व्हायला निघाले तेव्हा वडिलांनी दोनच गोष्टी सांगितल्या होत्या म्हणे: संध्या चुकवू नकोस आणि कुणाकडून काही घेऊ नकोस. "पहिली चुकते अधूनमधून," भास्करराव प्रामाणिकपणे सांगायचे.

आमची काशीची मराठी ऐकून पुण्याचे पाहुणे हसतात, पण भास्कररावांची ऐकली असती तर त्यांनी तिकीट काढून परत ऐकली असती. "संध्याकाळी फुरसत असली तर ये, जरा मशवरा करायचाय," ही त्यांची मराठी. आणि हिंदीत रागवायला लागले की मध्येच, "अबे रामधनी, ये क्या गबाळेपणा है?" रामधनी हा त्यांच्या हाताखालचा शिपाई. 'गबाळेपणा' हा इंग्रजी कवायतीतला शब्द आहे अशी त्याची समजूत होती. नवीन शिपायांना तो सांगायचा, "बेल्ट ठीक करो, नहीं तो दरोगाजी गबाळेपणा लगा देंगे."

अशात नव्या रायफली आल्या.

तोपर्यंत आमच्या शिपायांकडे जुन्या थ्री-नॉट-थ्री होत्या. मॅगझिनमध्ये दहा गोळ्या, आणि प्रत्येक गोळीला हाताने बोल्ट मागे ओढायचा, पुढे ढकलायचा. नवी रायफल आपसूक गोळी भरून घेणारी. तिच्यासाठी दोन तऱ्हेची मॅगझिनं होती, एक वीस गोळ्यांचं आणि एक तीस गोळ्यांचं. वरून विचारणा झाली की तुमच्या जिल्ह्यात गस्तीला कोणतं देणार ते ठरवून कळवा.

भास्करराव दोन्ही नमुने धुण्याच्या पिशवीत घालून घरी घेऊन आले नाहीत, एवढंच. बाकी दिवसरात्र डोक्यात तेच. वहिनींनी माझ्या बायकोला हाक मारून विचारलं, "अगं, हे झोपेत मॅगझिन मॅगझिन करतात. वाचनाची आवड केव्हापासून लागली ह्यांना? आणि वीस की तीस म्हणतात, ती पानं का?"

कप्तानसाहेबांनी बैठक बोलावली. कप्तानसाहेब तरुण, हसरे, खुर्चीवरसुद्धा घोड्यावर बसल्यासारखे बसायचे. टेबलाभोवती चार-पाच अधिकारी, कोपऱ्यात कागद घेऊन मी, आणि दाराशी भास्करराव. दोन्ही मॅगझिनं त्यांनी पिवळ्या फडक्यात गुंडाळून आणली होती. फडकं सोडून टेबलावर ठेवली तीही अशी, की आता उदबत्ती लावतात की काय असं मला वाटलं.

"तीस," कप्तानसाहेब म्हणाले. "जब ज़्यादा मिल रहा है तो कम क्यों लें? पब्लिक पर भी असर पड़ता है."

सगळ्या माना एका लयीत हलल्या. मग साहेबांनी भास्कररावांकडे बघितलं.

"बीस, हुजूर," भास्करराव म्हणाले. "और उसमें भी अठारह."

"तो सीधे डंडा ही दे दें?"

"डंडा तो है ही, हुजूर."

सगळे हसले. साहेबही हसले, पण ते नुसते हसून सोडणारे नव्हते. त्यांनी विचारलं, वरुणा नदीपलीकडच्या सडकेवर, उघड्यावर, हत्यारबंद टोळी समोर आली आणि गस्तीवर दोनच शिपाई असले, तर अठरा गोळ्यांत काय होणार? मदत पोचेपर्यंत टिकायचं कसं?

भास्करराव कान खाजवत उभे राहिले. संध्याकाळी सायकलीवरून येताना मला म्हणाले, "साहेब मूर्ख नाही रे. मूर्ख असता तर सोपं होतं."

पण बैठकीत त्यांनी हार मानली नाही. ते म्हणाले की सडकेचं मला माहीत नाही, पण आपल्या गस्ती निम्म्याहून जास्त गल्ल्यांतून चालतात, आणि तीसचं मॅगझिन एवढं लांब आहे की ते गल्लीतून नेणं म्हणजे खाटेसकट फिरणं.

"दरोगाजी," साहेब म्हणाले, "दुनिया आगे जा रही है और आप पीछे."

"मैं पीछे नहीं, हुजूर. मैं गली में हूँ."

साहेबांना ते आवडलं. टेबलावर थाप मारून म्हणाले, "तो चलिए, आपकी गली ही देख लेते हैं."

दोन दिवसांनी सकाळी आम्ही ब्रह्माघाटाच्या तोंडाशी जमलो. रायफली रिकाम्या. भास्कररावांनी त्या तपासल्या, रामधनीकडून तपासून घेतल्या आणि पुन्हा स्वतः करंगळी घालून तपासल्या. रामधनीकडे तीसवाली, भास्कररावांकडे वीसवाली, साहेबांच्या हातात छडी आणि माझ्या हातात फाइल. फाइल कशाला, ते मला अजून कळलेलं नाही.

शंभरएक पावलं गेलो नसू तोच रामधनीच्या मॅगझिनवर आकाशातून एक रेशमी सोवळं येऊन अडकलं. आकाशातून म्हणजे वरच्या सज्ज्यातल्या दोरीवरून. ती दोरी इतकी खाली लोंबत होती की रायफल खांद्यावर फिरवताच तिचं लांब मॅगझिन दोरीत गुंतलं. सोवळ्याचे मालक, एक वृद्ध गुरुजी, सज्ज्यात आले आणि मराठी, हिंदी आणि संस्कृत अशा तिन्ही भाषांत ओरडायला लागले. पोलिसांनी सोवळं विटाळलं होतं. साहेबांनी हात जोडून माफी मागितली. गुरुजी म्हणाले, "माफीने सोवळं होत नाही, पुन्हा धुवावं लागतं."

पुढच्या वळणावर दूधवाला भेटला. दोघांनी एकमेकांना वाट द्यायला अंग चोरलं आणि त्याच्या कॅनची कडी रामधनीच्या मॅगझिनला लागली. दोघं दोन दिशांना निघाले, आणि कॅन मध्येच थांबला. भास्कररावांनी साहेबांकडे वळून असा चेहरा केला की जणू हा दूधवाला त्यांनीच सांगून आणलाय.

पण देव न्यायी असतो. चौकाच्या अलीकडे एक सांड गल्ली अडवून उभा होता. त्याच्या आणि भिंतीच्या मधून रामधनी रायफल डोक्यावर धरून सुळकन गेला. साहेब गेले. मी फाइलसकट गेलो. भास्करराव वीसचं सुटसुटीत मॅगझिन घेऊन आत शिरले आणि निम्म्यावर अडकले. मॅगझिन मोकळं होतं. पोट अडकलं होतं. सांडाने शांतपणे मान वळवून त्यांच्या खांद्यावरच्या फितीचा वास घेतला.

"दरोगाजी," पलीकडून साहेब म्हणाले, "आपकी अपनी कैपेसिटी कितनी है?"

"दो ज़्यादा हो गई, हुजूर," भास्करराव भिंतीला चिकटूनच म्हणाले. शेवटी रामधनीने कुठूनसा कोबीचा पाला आणला आणि सांडाला पुढे नेलं.

पंचगंगा घाटाच्या पायऱ्या फार उभ्या. तिथे साहेबांनी स्वतः तीसची रायफल घेतली. तिचं मॅगझिन प्रत्येक पायरीला त्यांच्या गुडघ्यावर आदळत होतं, पण ते एक शब्द बोलले नाहीत. खाली सपाट दगडावर पोचल्यावर म्हणाले, आता आडवं पडून नेम धरून बघू. आणि नवीन इस्त्रीच्या कपड्यांनिशी खरोखरच दगडावर पालथे झाले. पण लांब मॅगझिन जमिनीला टेकल्यामुळे रायफल उंच राहिली, आणि रायफलीबरोबर साहेबांना डोकंही उंच करावं लागलं.

भोवती घाटिये पंडे, नावाडी आणि यात्रेकरू जमले होते. साहेबांचं तोंड घाटाकडे होतं आणि पाय नदीकडे. एक म्हातारा नावाडी काळजीने पुढे आला आणि आधी नदीकडे, मग घाटाकडे बोट दाखवत म्हणाला,

"साहेब, गंगा मइया त एहर हईं. आप ओहर केके दंडवत करत हईं?"

सगळा घाट हसला. साहेब उठून बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मला वाटलं, झालं, वीसचा विजय झाला. पण कपडे झटकत ते म्हणाले, "आदत पड़ जाएगी, दरोगाजी. रस्सी से बचना, सीढ़ियों पर बंदूक सँभालना, ये सब अभ्यास की बात है. और जान पर आ जाए तो तीस गोलियाँ तीस ही होती हैं."

भास्कररावांनी मान हलवली, पिवळ्या फडक्याने रायफल पुसली आणि आम्ही परत वर चढायला लागलो. एरवी वाटेतल्या प्रत्येक दगडाशी बोलणारा हा माणूस आता खाली मान घालून पायऱ्या चढत होता. त्यांचे सगळे मुद्दे संपलेत असं मी समजलो.

गल्लीत शिरलो आणि एका तळमजल्याच्या खिडकीतून हाक आली, "भास्कर! ए भास्कर!"

भास्कररावांनी झपाझप पाय उचलले.

"कोई आपको बुला रहा है," साहेब म्हणाले.

"आगे चलिए हुजूर, धूप बढ़ रही है."

त्या गल्लीत ऊन बारा महिने येत नाही. साहेब थांबलेच. तोवर दारात एक म्हातारी उभी राहिली होती, हातात लाटणं, पदर खोचलेला. ह्या बनूकाकी. आमच्याच मराठी घरांपैकी. नवरा जाऊन बराच काळ लोटला होता, मुलगा इंदूरला. मी त्यांना देवळात बघत असे, पण घरात कधी गेलो नव्हतो.

"सकाळचा कसा रे आलास?" त्या भास्कररावांना ओरडून म्हणाल्या, जसं कमी ऐकू येणारी माणसं बोलतात. मग साहेबांकडे बघून, "हे कोण? मोठे दिसतात. अंदर आइए, पानी पीजिए, धूळ लागलीय सगळी कपड्यांना."

साहेबांना तहान लागलेलीच होती. रामधनी दाराशी राहिला, आम्ही तिघं आत गेलो. छोटंसं स्वयंपाकघर, चुलीच्या जागी आता स्टोव्ह. काकींनी लोट्यातून पाणी दिलं, गुळाचा खडा दिला. साहेब इकडेतिकडे बघत होते. स्टोव्हच्या वर, भिंतीत, मुठीएवढा एक ओबडधोबड कोनाडा होता. विटा फुटून झाल्यासारखा. त्यात हिंगाची डबी ठेवलेली.

"ये आला किसने बनाया?" कोनाड्याकडे बघत त्यांनी सहज विचारलं. काकींना ऐकू गेलं नाही. साहेबांनी बोट दाखवलं.

"तो?" काकी खुलल्या. "तो पोलिसांनी बनवला!"

आणि त्यांनी लाटण्याने हवेत चित्र काढत सगळं सांगितलं, अर्धं हिंदीत, अर्धं मराठीत. फार वर्षांपूर्वी गल्लीत पिसाळलेला कुत्रा आला म्हणून ओरडा झाला. पोलीस आले. कुणा शिपायाने वळणावरून गोळी झाडली. ती कुत्र्याला लागली नाही, समोरच्या दगडी खांबाला लागली आणि उलटून ह्या खिडकीतून आत आली. काकी तेव्हा भाकरी थापत होत्या. गोळी त्यांच्या डोक्यावरून जाऊन भिंतीत घुसली, विटेचा हा एवढा तुकडा उडाला आणि त्या आवाजाने उजवा कान कायमचा गेला, डावाही अर्धाच राहिला.

"बरंच झालं," काकी म्हणाल्या. "सासूबाई त्याच बाजूला बसायच्या. आणि कुत्रा? पिसाळलेला नव्हताच मेला, नुसता भुकेला होता. पुढे चांगला म्हातारा होऊन गेला, माझ्याच दारात."

साहेब हसले नाहीत. ते उठून खिडकीपाशी गेले, बाहेर वळणाकडे बघितलं, मग समोरच्या घरांच्या खिडक्यांकडे. त्या गल्लीत हात लांब केला तर समोरच्याच्या खिडकीला लागतो.

"कितनी गोली चलाई थी?"

"एक, हुजूर," भास्करराव म्हणाले. ते बोलले ते लोट्यातल्या पाण्याकडे बघत. "सिपाही नया था, घबराया हुआ था. उँगली रुकती नहीं थी. पुरानी राइफल थी, बोल्ट खींचना पड़ता था, इसलिए रुक गया. नहीं तो जितनी थीं, सब चला देता."

काकींना हे काहीच ऐकू गेलं नव्हतं. त्या कणीक मळत होत्या.

"आप जानते हैं उसे?" साहेबांनी विचारलं.

"जी."

"अब कहाँ है?"

"पुलिस में ही है, हुजूर."

मी माझ्या फाइलीची नाडी सोडली आणि परत बांधली. मग साहेबांनी काकींना वाकून नमस्कार केला, काकींनी त्यांच्या खिशात जबरदस्तीने आणखी गूळ घातला आणि आम्ही बाहेर पडलो. चौकात जीपपाशी पोचल्यावर साहेब मला म्हणाले, "लिखिए. शहर की गश्त, बीस. बाहर सड़क वाली गाड़ी में तीस." जीपमध्ये बसता बसता भास्कररावांना म्हणाले, "बीस में अठारह भरें या सोलह, वो आप जानें. कोत आपकी है. और दरोगाजी, सिर्फ़ मैगज़ीन से काम नहीं चलेगा. नए लड़कों को आप ही सिखाइए, कब नहीं चलानी है."

जीप गेली. भास्करराव बराच वेळ सलाम धरूनच उभे होते. मग मला म्हणाले, "सडकेसाठी तीस ठेवलं ते बरोबर केलं साहेबांनी."

त्या दिवसानंतर मला कळलं की रोज संध्याकाळी भास्करराव पिशवी घेऊन कुठे जातात. मी समजत होतो भाजी आणायला. भाजी आणायलाच जात होते, पण काकींसाठी. स्टोव्हची पिन, औषधाची बाटली, मुगाची डाळ, सगळं तेच आणत आणि मग डाव्या कानाशी बसून ओरडून ओरडून गल्लीच्या बातम्या सांगत. कधीपासून, ते हिशेब करून बघितलं तर ते शिपाई असल्यापासून.

त्या हिवाळ्यात त्यांना बंदोबस्तासाठी आठवडाभर बाहेरगावी जावं लागलं. निघताना त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली. "काकीकडे जाशील? वांगी घेऊन जा. बोलशील ते डाव्या बाजूने बोल."

मी गेलो. वांगी दिली, डाव्या बाजूला बसलो. दोन-तीन दिवसांत काकींशी चांगलं जमलं. एका संध्याकाळी राहवलं नाही. मी त्यांच्या कानाशी ओरडलो, "काकी, तो गोळीवाला शिपाई कधी भेटला तर त्याला काय म्हणाल?"

काकी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी ताटातून मान वर केली.

"भेटला तर काय? रोज भेटतो की. तूच त्याच्या जागी आलायस ना सध्या?"

मी वळून खिडकीतून त्या वळणाकडे बघितलं.

"अरे, कुत्र्याला भाकरी टाकायला मी खिडकीशी उठले होते. बघते तर वळणावर धामणकरांचा भास्कर. बंदूक अशी थरथरतेय. म्हटलं, ह्याच्या हातून काही कुत्रा मरत नाही. आणि पीठ घ्यायला खाली वाकले, तेवढ्यात धडाम. वाकले नसते तर तुला आज वांगी आणावी लागली नसती."

"मग त्यांना कधी सांगितलं नाहीत?"

"दुसऱ्या दिवशी आला. साध्या कपड्यांत, तोंड पांढरंफटक. काकी, काही आणायचंय का म्हणाला. मला ऐकू आलं नाही, ओठांवरून कळलं. म्हटलं, आण, मीठ संपलंय. तेव्हापासून येतोय." त्यांनी तांदळातला एक खडा काढून बाजूला टाकला. "सांगितलं असतं तर पाया पडला असता, रडला असता आणि मोकळा झाला असता. मग रोज कशाला आला असता? माझा सख्खा दिवाळीला येतो, तोही सुनेची रजा असली तर."

त्यांनी ताट बाजूला सरकवलं. मग एकदम माझ्याकडे वळून, मोठ्या माणसाने लहानाला दटावावं तशा म्हणाल्या, "बोलू नकोस हं त्याच्यापाशी काही. ह्या वयात पोरगा हातचा जायचा."

मी नाही बोललो.

भास्करराव परत आले त्या संध्याकाळी मी घाटावरून घरी चाललो होतो. काकींच्या खिडकीतून उजेड बाहेर गल्लीत पडला होता आणि भास्कररावांचा आवाज चौकापर्यंत येत होता. ते स्टोव्हला पंप मारत बंदोबस्ताची हकीकत सांगत होते. काकी मध्येच तोडून म्हणाल्या, "ते राहू दे. अरविंदची वांगी अर्धी किडकी निघाली. तू असा आठ-आठ दिवस बाहेर जात जाऊ नकोस."

"नाही जाणार, काकी," भास्करराव ओरडून म्हणाले.

पोलिसातल्या माणसाला असलं वचन देता येत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. काकींनी त्यांच्यापुढे ताट ठेवलं आणि मी हाक न मारता पुढे निघालो.